पितृपंधरवड्यातला रविवार आणि सुट्टी नसलेली माणसं

रविवारी घरात नुसतं बसलेलं माणूस दिसलं की आपल्याकडं लोक काळजीनं विचारतात, बरं नाही का. आजारपण, सुतक नाहीतर मुसळधार पाऊस, यातलं काही नसताना धडधाकट माणूस दिवसभर घरी बसतो हे कुणाला पटतच नाही. साताऱ्यात तर नाहीच, कारण हा कष्टाचा मुलूख आहे आणि कष्टाचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण त्या अभिमानाच्या भरात एक गोष्ट आपल्या हातनं सुटत चाललीय असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आठवड्यातनं एक दिवस थांबणं हा हक्क आहे, तो आपल्याच माणसांनी भांडून मिळवलाय, आणि तो एकेकट्यानं पाळून टिकत नाही, सगळ्यांनी मिळून ठरवला तरच टिकतो.

आत्ता लिहायचं कारण म्हणजे हे दिवस. गणपती गेले, मांडवाचे बांबू निघाले, स्पीकर गप्प झाले, घट बसायला अजून अवकाश आहे. पितृपंधरवडा म्हणून कुणी नवीन वस्तू घेत नाही, गाडी बुक केली तरी घरी आणत नाही, लग्नाची बोलणी पुढं ढकलतात, त्यामुळं मोती चौकातनं राजवाड्यापर्यंत दुपारच्याला निवांत चालता येतं, एरवी येत नाही. पाऊस संपलेला नसतो पण त्याचा जोर गेलेला असतो. सकाळी यवतेश्वरावर धुकं, दहाला कडक ऊन, दोन-तीन महिने दमट राहिलेले कपडे एकदाचे कडकडीत वाळतात, चारला परत एखादी सर येऊन जाते. अजिंक्यतारा अजून हिरवागार असतो. मंडईत भुईमुगाच्या ओल्या शेंगा यायला लागतात, त्या मीठ घालून कुकरला लावायच्या आणि दुपारभर सोलत बसायचं, घरातली सगळी एका पातेल्याभोवती, कुणी बोलतंय, कुणी बोलत नाही, मधेच एखाद्याचा तिथंच डोळा लागतो. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात चांगला रविवार हाच. दिवाळीत पाहुणे असतात, मे महिन्यात लग्नं आणि वरनं ऊन, जुलैत पावसानं बाहेर पडता येत नाही म्हणून घरी असतो, त्याला काय विश्रांती म्हणायची. या पंधरवड्यातल्या रविवारी काहीच ठरलेलं नसतं. आणि आठवड्यात एकदा तरी काहीच ठरलेलं नसावं ही माणसाची खरी गरज आहे असं माझं म्हणणं आहे.

आता कुणी म्हणेल मग बसा की घरी, अडवलंय कुणी, यात सार्वजनिक प्रश्न कुठला आला. तर तोच मुद्दा आहे. मी शेंगा खात बसते तेव्हा कोण उभं असतं ते बघा. मोती चौकातल्या कापडदुकानात गिऱ्हाईक नसतानाही पोरी उभ्या असतात. माझ्या ओळखीतली एक जण अशा दुकानात आहे, दुकानाचं नाव नको, तिला आठवड्याची सुट्टी ठरलेली अशी नाही, लागेल तेव्हा सांगून घ्यायची आणि त्या दिवसाचे पैसे कापून. कासला वर पार्किंगला आणि तिकिटाला जी माणसं उभी असतात ती कास, एकीव, आटाळी, कासाणी या आजूबाजूच्या गावातली, फुलांचे हे महिना-दीड महिना म्हणजे त्यांचा हंगाम, आणि सगळ्यात जास्त काम शनिवार-रविवारी. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारसा मिळाला, त्यात कासचं पठार आहे, तेव्हापासून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते हे साताऱ्यातल्या कुणालाही सांगायला नको. लोकांनी फुलं बघायला यावं, जरूर यावं, तेरडा आणि सोनकीनं भरलेलं पठार बघून माणूस सुधारतंच. पण पुण्याहून पहाटे निघायचं, घाटात तास-तास अडकायचं, फोटो काढायचे, उपाशीपोटी परत फिरायचं आणि सोमवारी ऑफिसला, याला आपण विश्रांती म्हणायला लागलोय, आणि घरी बसलेल्याला उलट विचारतो की विकेंडला कुठंच गेला नाहीत का. सुट्टी आहे म्हणजे ती कुठंतरी खर्च केलीच पाहिजे असं झालंय.

हा रविवार आला कुठनं हे आपल्या पोरांना शाळेत नीट कुणी सांगत नाही. मी शिकवते म्हणून म्हणतेय. पोरांना वाटतं इंग्रजांना चर्चला जायचं असायचं म्हणून रविवारची सुट्टी, आणि ते काही अगदी खोटं नाही, सरकारी कचेऱ्यांना तशीच मिळाली. पण मुंबईच्या गिरण्यात राबणाऱ्यांना ती कुणी दिली नव्हती. उजाडल्यापासनं दिवस मावळेपर्यंत साचावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं, आठवड्याची सुट्टी नाही, सणासुदीला काय मिळेल ते. आणि गिरणीत कोण होतं, कोकणातली माणसं होती आणि घाटावरची होती, म्हणजे आपल्या सातारा, कऱ्हाड, पाटणकडची. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू' वर्तमानपत्राचे संपादक, स्वतः गिरणीत काम केलेले. त्यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि मागण्या मांडल्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, काम करताना जखमी झालं तर बरं होईपर्यंत पगार. आज वाचलं तर वाटतं यात मागायचं काय होतं. पण ते मिळायला सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन बायकांनी सुद्धा तिथं भाषण केलं, १८९० साली, हे लक्षात घ्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

लोखंड्यांनी रविवारच का मागितला याबद्दल असं सांगतात की तो खंडोबाचा वार, कामगारांना आपल्या देवाला जाता यावं. आपल्याकडं पालीच्या खंडोबाला यळकोट करत जाणाऱ्या माणसाला हे कारण समजवून सांगायची गरज नाही. आणि फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे ज्या विचारातनं ही सुट्टी आली त्याची मुळंसुद्धा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात.

पण या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सुट्टी मागितली कुणाकडं, तर एका गिरणीच्या मालकाकडं नाही, सगळ्या मालकांच्या संघटनेकडं. कारण एक गिरणी रविवारी बंद ठेवली तर तिचं सूत कमी निघणार आणि शेजारच्या गिरणीचं जास्त, मग तो मालक दुसऱ्या महिन्यात परत सुरू करणार. सगळ्यांनी एका दिवशी थांबायचं ठरलं तरच कुणाचं नुकसान होत नाही. आणि ही अक्कल काही गिरणीत पहिल्यांदा आलेली नाही, आपल्या गावागावात ती आधीपासनं होती. सोमवारी औत धरायचं नाही. महादेवाचा वार, नंदीचा वार, बैल जुंपायचे नाहीत. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव ज्या भागाचं दैवत आहे तिथं हे मोडायची कुणाची हिंमत नव्हती. श्रद्धा होतीच, पण त्यात व्यवहार किती पक्का होता बघा. वाफसा आलाय, पेरणीची घाई आहे, अशा वेळी सुद्धा शेजारी सोमवारी औत धरत नाही म्हणून मी पण धरत नाही, दोघांचे बैल विश्रांती घेतात आणि दोघंही एकमेकांच्या पुढं जात नाहीत. बेंदराला तर बैलाच्या मानेवर जू ठेवायचंच नाही, शिंगं रंगवून पुरणपोळी चारायची. मुक्या जनावराला आठवड्याची आणि वर्षाची सुट्टी अख्ख्या गावानं मिळून दिलेली होती. आता ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरला सोमवार नाही, आणि तो चालवणाऱ्या पोरालाही नाही.

अजून एक गोष्ट, जी साताऱ्यातल्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. राजवाड्यातली ती शाळा, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, तिथं ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव घातलं गेलं, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. भाषणं होतात, हार घातले जातात. पण तोच मुलगा मोठा होऊन १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होता आणि त्या खात्यानं आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरनं ४८ तासांवर आला, हे त्या भाषणात क्वचित येतं. ४८ तास म्हणजे आठ तासाचे सहा दिवस. सातवा दिवस माणसाचा स्वतःचा. १९४८ च्या कारखाना कायद्यात ते कायम झालं आणि मग राज्यघटनेच्या कलम ४३ मध्ये कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता येईल अशी कामाची परिस्थिती असावी असं लिहिलं गेलं. फुरसत हा शब्द घटनेत आहे. आपण त्याला रिकामटेकडेपणा म्हणतो.

मग आता अडलंय कुठं. दुकानांचं बघू, कारण सातारा काय, सांगली काय, आपली गावं दुकानांवर चालतात. १९४८ च्या दुकान कायद्यात प्रत्येक दुकान आठवड्यातनं एक दिवस बंद ठेवायचं असा नियम होता, त्यामुळं गावागावात बाजारपेठेच्या बंदचा एक वार ठरलेला असायचा, आणि त्या दिवशी दुकानदार पण घरी आणि नोकर पण घरी. २०१७ च्या नव्या कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडं ठेवायला परवानगी दिली. प्रत्येक कामगाराला आठवड्यातनं सलग चोवीस तास सुट्टी द्यायची अट त्यात आहे, ती चांगली आहे, पण हा कायदा केला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू होता. दहाच्या आतल्यांनी फक्त दुकान सुरू केल्याची सूचना द्यायची. आता सांगा, राजवाडा ते पोवई नाका या रस्त्यावर दहा नोकर असलेली दुकानं किती आणि दोन-चार नोकरांवर चालणारी किती. डोळ्यानं दिसतंय. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा दहावरनं वीसवर न्यायला मंजुरी दिली, सोबत दुकानातले रोजचे कामाचे तास नऊचे दहा आणि कारखान्यातले नऊचे बारा करायला पण. उद्योग यावेत म्हणून केलं असं सांगितलं गेलं. उद्योग यावेत हे मलाही पाहिजे, शिरवळपासनं कराडपर्यंत पोरं नोकरीसाठी वणवण करतायत हे मी रोज बघते. पण बारा तास उभा राहिलेला पोरगा आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो तो फक्त झोपायला, मग आईबापाशी बोलायचं, मित्रांबरोबर किल्ला चढायचा, वाचनालयात जायचं हे कधी. लोखंडे ज्यासाठी सहा वर्षं भांडले ते तासातासानं परत द्यायला लागलोय आपण.

दुकानदारांची बाजू मला माहितीये, माहेरी दुकानच होतं. ते म्हणतात ऑनलाईनवाले रविवारी बंद असतात का, मी शटर ओढलं तर गिऱ्हाईक मोबाईलवरनं मागवणार. हे खरं आहे आणि त्याची भीती पण खरी आहे. पण जरा शांतपणे बघा, मोबाईलवरनं मागवणारा सोमवार ते शनिवार पण मागवतोय, तो काही रविवारी दुकान बंद म्हणून मागवत नाही. दुकानदार रविवारी शटर ओढत नाही त्याचं खरं कारण शेजारचं दुकान. ते उघडं आहे म्हणून हे उघडं, हे उघडं आहे म्हणून ते. दोघं दिवसभर गल्ल्यावर बसून, दोघांची पोरं घरी वाट बघतायत. हे गिरणीमालकांसारखंच झालं, आणि त्याचं उत्तर पण तेच, सगळ्यांनी मिळून एक वार ठरवायचा. काही दुकानं अजून जुना वार पाळतात, बऱ्याच जणांनी सोडला. मेडिकल, दूध, हॉटेल यांनी पाळीपाळीनं घ्यावी. सुरुवात करायची तर पितृपंधरवड्यासारखा काळ नाही, खरेदी तशीही कमी, म्हणजे नुकसानीची भीती सगळ्यात कमी. दोन रविवार करून बघा. व्यापाऱ्यांनी आणि नगरपालिकेनं एकत्र बसून हे ठरवायला कुठल्या नवीन कायद्याची गरज नाही.

मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांचं काय म्हणणं आहे ते सगळ्यांनी ऐकलंच आहे. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ साली तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा नव्वद तासाचा व्हिडिओ फिरला, रविवारी घरी बसून बायकोकडं किती वेळ बघणार म्हणून. त्यावर खूप लिहून झालंय, मी फक्त एक आकडा ठेवते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ साली काढलेला अभ्यास सांगतो की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात जगात अशा लांबलेल्या कामामुळं ७ लाख ४५ हजार माणसं गेली. घरी बसून बायकोकडं बघणारा माणूस निदान जिवंत राहतो, आणि बायको पण त्याच्याकडं बघते, संसार यालाच म्हणतात.

आमच्या शिक्षकांच्यात हा प्रश्न मोबाईलवरनं आलाय. रविवारी सकाळी ग्रुपवर मेसेज, अमुक माहिती तातडीने भरून पाठवावी. तातडीचं खरंच काही नसतं, पण एकानं दहा मिनिटात पाठवली की दुसऱ्यावर येतं, मग तिसऱ्यावर, दुपारपर्यंत सगळे लॅपटॉप उघडून बसलेले. परत तेच, एकट्यानं न पाठवणं परवडत नाही. सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकाचा कायदा १९७० नंतर एकदाही झालेला नाही त्यामुळं त्याच्या भरवशावर बसता येणार नाही, पण प्रत्येक कार्यालय, प्रत्येक शाळा स्वतःपुरता नियम करू शकते की रविवारी ग्रुप बंद. आणि क्लासवाल्यांनी रविवारच्या टेस्ट थांबवाव्यात, याबद्दल मला फार पोटतिडीक आहे. दहावी-बारावीचं पोरगं सहा दिवस शाळा-कॉलेज आणि क्लास करून रविवारी सकाळी तीन तास पेपर लिहितं, आईबाप बाहेर गाडीवर बसून वाट बघतात. अख्ख्या कुटुंबाचा दिवस जातो. पोरांना कंटाळा येऊ द्या हो जरा, कंटाळलेलं पोरगंच आज्जीजवळ जाऊन बसतं, जुनं पुस्तक उघडतं, काहीतरी खटपट करतं.

सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासनं पाच दिवसांचा आठवडा झाला, त्याबद्दल लोक फार चिडून बोलतात. रोजची वेळ वाढवून, पावणेदहा ते सव्वासहा करून तो दिलेला आहे, हे पण सांगायला पाहिजे. आणि चिडायचं असेल तर ज्यांना एकही दिवस नाही त्यांच्या बाजूनं चिडू, ज्यांना दोन मिळाले त्यांच्यावर कशाला.

आता घरात येते, कारण खरी गाठ इथं आहे. शांत रविवारचं जे चित्र मी वर लिहिलं, शेंगांचं पातेलं वगैरे, त्यातल्या शेंगा धुतल्या कुणी, कुकर कुणी लावला, सोललेली टरफलं कुणी उचलली. सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. रविवारी बायकांचं हे कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, कारण सगळी घरी आहेत, नाष्ट्याला काहीतरी वेगळं, दुपारी मटण नाहीतर काहीतरी गोड, चारला चहाबरोबर भजी. आणि गंमत नाही सांगत, बाजार थंड असलेल्या या पंधरवड्यात बायकांचं काम वर्षातलं सगळ्यात जास्त असतं. आधी म्हाळ, म्हणजे पितरांचं श्राद्ध, त्याचा स्वयंपाक, खीर, वडे, आळूच्या वड्या, भाऊबंद जेवायला. मग घट बसायच्या आधी घर काढायचं, म्हणजे जळमटं झाडायची, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची, अंथरुणं-पांघरुणं, वाकळा, चादरी सगळं धुवायचं. खेड्यात बायका वाकळा घेऊन नदीवर जातात, भिजलेली वाकळ उचलायला दोघी लागतात. पुरुषमाणसं तेव्हा पारावर, निवांत.

मी हे तक्रार म्हणून लिहित नाही, हिशोब म्हणून लिहितेय. लोखंड्यांच्या सभेत १८९० साली दोन बायका उठून बोलल्या, त्यांना गिरणीतनं सुट्टी मिळाली, घरातनं कधीच मिळाली नाही आणि एवढ्या वर्षांनी त्यांच्या पणत्यांना पण मिळालेली नाही. घरातला वार पण घरानं मिळून ठरवावा लागतो. आमच्याकडं आता रविवारी संध्याकाळचा स्वयंपाक मी आणि सासूबाई करत नाही, मुलं आणि त्यांचे बाबा जे करतील ते, खिचडी असेल, नुसती भाकरी-पिठलं असेल, चव कशीही असेल. सासूबाईंना पहिल्यांदा फार अवघड गेलं, त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या, मग हळूहळू टीव्हीसमोर बसायला लागल्या, आता म्हणतात काय केलंय ते ताटात वाढून आणा. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा आठवड्यातली एक संध्याकाळ मिळाली, आणि ती घरच्यांनी ठरवली म्हणून मिळाली, एकट्या तिच्या मनावर असतं तर तिनं कधीच घेतली नसती.

रोजंदारीवाल्यांचं काय असं विचारतील आणि विचारायलाच पाहिजे. ज्याची हजेरी बुडली की चूल अडते त्याला विश्रांतीचं महत्त्व सांगणं हा अपमान आहे. त्याला पगारी सुट्टी पाहिजे, आणि ही काही स्वप्नातली गोष्ट नाही, १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच सात दिवसात एक दिवस विश्रांती आणि त्या दिवसाचा मोबदला अशी तरतूद केलेली होती. कागदावर पाऊणशे वर्षं. दिवाळीच्या आगेमागे बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतील, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, पोटाशी पोरं, थंडीत पहाटे फडात, आणि कारखाना बंद होईपर्यंत आठवड्याचा वार म्हणून काही नाही, आजारी पडलं तर खाडा. बरेच साखर कारखाने सहकारी आहेत, त्यांच्या वार्षिक सभा याच दिवसात होतात, सभासद आपणच असतो. दराबद्दल आपण माईक हिसकावून बोलतो, तसं तोडणीवाल्यांच्या पगारी सुट्टीबद्दल एखाद्यानं उठून विचारावं. सगळ्या कारखान्यांनी मिळून ठरवलं तर गाळपाचं वेळापत्रक तसं लावता येतं. शेतकऱ्याचं तर अजून वेगळं, दोन म्हशी असल्या तरी धार चुकत नाही, आणि कृषिपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, रात्रीच्या पाळीला टॉर्च घेऊन पाणी पाजायला जायचं, साप-किरडूची भीती. दिवसा वीज देऊ म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासनं चाललीय, ती जिथं पोचली तिथं शेतकऱ्याला झोप मिळाली. शेतकऱ्याची विश्रांती म्हणजे आधी ती रात्रीची झोप, रविवार नंतर.

घरी काम करायला येणाऱ्या मावश्यांबद्दल राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत, आठवड्याची सुट्टी मात्र ज्या त्या घरावर सोडलेली. या पंधरवड्याच्या सुरुवातीला आमच्याकडं येणाऱ्या मावशींना आम्ही सांगितलं की इथनं पुढं रविवारी येऊ नका, पगार आहे तोच राहील. त्या बरं म्हणाल्या पण काही फार आनंद झालेला दिसला नाही. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, ताई, तुमचं एक घर सुटलं तरी मला रविवारी या गल्लीत यावंच लागतंय, बाकीची घरं कुठं सुट्टी देतायत, तुमच्याकडची भांडी तेवढी कमी. त्यांचं बरोबर होतं. शेजारच्या वहिनींशी मी दुसऱ्या दिवशीच बोलले, त्या तयार आहेत, कोपऱ्यावरच्या घरी नवरा-बायको दोघं नोकरीला, त्यांना रविवार सोडून दुसरा वार पाहिजे आहे, आणि आमचं म्हणणं आहे की वार सगळ्यांचा एकच पाहिजे, नाहीतर मावशींना काही उपयोग नाही. अजून दोन घरं राहिलीत. घट बसायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून काय ते ठरवायचं आहे.